न पिणाऱ्याचे स्वादुपिंड

पोटात जोराची कळ येऊन तरुण माणूस दवाखान्यात आला की आम्ही डॉक्टर मंडळी एक प्रश्न हमखास विचारतो, "किती पितोस?" प्रश्न योग्यच आहे. स्वादुपिंडाला सूज येण्याची दोन नेहमीची कारणे म्हणजे दारू आणि पित्ताशयातील खडे. पण या प्रश्नाला मिळालेले उत्तर ऐकून घेण्यात माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. तिची हकीकत आज सांगतो. वाचकांपैकी कुणाच्या तरी घरी ती उपयोगी पडेल.

सुमारे १५ वर्षांपूर्वी सोनिवलीतील एका २२ वर्षांच्या मुलाला वडील आणि भाऊ दोन्ही बाजूंनी धरून माझ्याकडे घेऊन आले. मुलगा अंगाने अगदी काटकुळा. बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध कळ येत होती आणि ती सरळ पाठीत जात होती. उताणे निजवले की तो ओरडे, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसला की जरा बरे वाटे. सारख्या उलट्या होत होत्या. रक्त तपासले तर अमायलेज पुष्कळ वाढलेले. स्वादुपिंडाचा दाह आहे याबद्दल शंका नव्हती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, "घेत नाही, डॉक्टर." वडील म्हणाले, "आमचं घर माळकरी आहे, डॉक्टर. त्यानं कधी बाटलीला हात लावला नाही." मी मान हलवली, पण मनातून विश्वास ठेवला नाही. प्रत्येक बाप असेच सांगतो, असे मला वाटले. मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली आणि तीत 'मद्यपानामुळे स्वादुपिंडाचा दाह' असे लिहून मोकळा झालो. पुढे साधे प्रश्नचिन्हही घातले नाही.

महिन्याभराने वडील एकटेच आले. मुलाचे लग्न ठरलेले होते. मुलीचा मामा त्याला भेटायला रुग्णालयात गेला असताना खाटेजवळची ती चिठ्ठी त्याच्या वाचनात आली आणि लग्न मोडले. वडील भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही लिहिलंत म्हणून लोकांना खरं वाटलं. आता तुम्हीच सांगा, तो कधी प्यायला?" आणि त्यांनी पिशवीतून पोटाचा एक्स-रे काढून माझ्यापुढे ठेवला.

मी तो उजेडासमोर धरला. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरोबर स्वादुपिंडाच्या जागी, नदीतल्या गोट्यांसारखे पांढरे खडे एका ओळीत दिसत होते. दारूमुळे होणारे खडे बहुधा बारीक, रवाळ असतात. कोवळ्या वयात, न पिणाऱ्या माणसाच्या स्वादुपिंडात असे मोठमोठे खडे दिसले तर तो आजार वेगळा असतो. त्याला ट्रॉपिकल कॅल्सिफिक पँक्रियाटायटिस म्हणतात. उष्ण कटिबंधात आढळणारा, खडे करणारा स्वादुपिंडाचा जुनाट दाह, असा त्याचा सरळ अर्थ. कॉलेजात मी त्याविषयी एक परिच्छेद वाचला होता. प्रत्यक्ष रुग्ण समोर आला तेव्हा तो आठवला नाही.

कुलूपबंद कात्री

स्वादुपिंड हे जठराच्या मागे आडवे पडलेले, वीतभर लांबीचे अवयव. त्याची कामे दोन. एक, इन्शुलिन तयार करून रक्तातील साखर ताब्यात ठेवणे. दुसरे, अन्न पचवणारा रस तयार करून लहान आतड्यात सोडणे. हा रस दिवसाला सुमारे दीड लिटर तयार होतो. त्यात विकरे म्हणजे एन्झाइम असतात. त्यांपैकी ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. डाळ, दूध, अंडी, मासळी यांतील प्रथिने अंगी लागतात ती या कात्रीमुळे.

आता विचार करा. आपले शरीरही प्रथिनांचेच बनलेले आहे. मग ही कात्री स्वादुपिंडालाच का कापत नाही? निसर्गाने त्यासाठी चोख बंदोबस्त केला आहे. स्वादुपिंडात ट्रिप्सिन तयार होते ते कुलूप लावूनच. त्या बंद अवस्थेत त्याला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. हे कुलूप उघडणारी किल्ली लहान आतड्यात असते. रस तिथे पोहोचला की कुलूप निघते आणि कात्री चालू लागते.

तरीही एखादे कुलूप वाटेत, स्वादुपिंडातच उघडले तर? त्यासाठी आणखी दोन सोयी आहेत. पहिली म्हणजे ब्रेक. स्पिंक-१ नावाचे एक छोटे प्रथिन उघडलेल्या ट्रिप्सिनला घट्ट पकडून निकामी करते. पण ते थोडेच असते, एकूण साठ्याच्या फार तर पाचव्या हिश्श्याला पुरेल इतके. दुसरी सोय म्हणजे ट्रिप्सिन स्वतःलाच एका ठरावीक जागी कापून संपवू शकते.

या बंदोबस्तात कुठे ढिलाई झाली की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. रुग्णाला जी कळ येते ती हीच. असे पुन्हा पुन्हा झाले की आतल्या नळ्यांत चुना साठून खडे होतात, पाचक रस आटतो आणि शेवटी इन्शुलिनही कमी पडू लागते.

एका मण्याचा फरक

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी २० प्रकारचे, आणि कोणता मणी कुठे ओवायचा हे आईबापांकडून आलेल्या जनुकांत लिहिलेले असते. शेकडो मण्यांच्या माळेत एखादाच मणी बदलला तर बहुधा काही बिघडत नाही. पण बदलणारा मणी मोक्याच्या जागी असला तर बिघडते.

याचा पहिला ठोस पुरावा १९९६ साली अमेरिकेत मिळाला. काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या स्वादुपिंडाचा दाह होत असे. पिट्सबर्गचे डॉ. डेव्हिड व्हिटकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचे रक्त तपासले. त्यांना आढळले की या लोकांच्या ट्रिप्सिनोजेनमध्ये १२२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हा मणी आहे. ट्रिप्सिन स्वतःला जिथे कापून संपवते तीच ही जागा. मणी बदलल्यामुळे कात्रीला स्वतःला कापता येत नाही आणि एकदा उघडलेले ट्रिप्सिन चालूच राहते. पुढे २००० साली जर्मनीत डॉ. हाइको विट यांच्या गटाने ब्रेकमधला, म्हणजे स्पिंक-१ मधला फरक दाखवून दिला. तिथे ३४ व्या जागी अस्पॅराजिनऐवजी सेरिन असते.

केरळ, पुणे, हैदराबाद

आपल्याकडे या आजाराची ओळख मुख्यतः केरळमधून झाली. तेथील डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात अशा शेकडो रुग्णांची नोंद केली. लहानपणी पोटदुखी, तारुण्यात मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू अशी या आजाराची वाटचाल त्या काळी सांगितली जाई. रुग्ण गरीब आणि हडकुळे असत, म्हणून कुपोषणाला दोष दिला गेला. केरळात टॅपिओकाचा कंद भरपूर खातात आणि त्या कंदात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, म्हणून टॅपिओकावरही संशय घेतला गेला.

इथे आपल्या घरच्या बायका विचारतील, साबुदाणा टॅपिओकाचाच ना? होय. पण घाबरण्याचे कारण नाही. साबुदाणा कंदातील धुतलेल्या सत्त्वापासून करतात आणि त्या प्रक्रियेत ते द्रव्य बहुतांशी निघून जाते. शिवाय जिथे टॅपिओका रोजचे अन्न नाही तिथेही हा आजार आढळतो, त्यामुळे तो सिद्धांत मागे पडला. आपला महाराष्ट्रच त्याचे उदाहरण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा एक महत्त्वाचा लेख १९९० साली 'डायबेटोलॉजिया' या मधुमेहाच्या नियतकालिकात आला. स्वादुपिंडात खडे असलेल्या काहींची साखर व्यवस्थित होती, काहींची बिघडू लागली होती, तर काहींना पुरता मधुमेह झाला होता. म्हणजे ही एकाच आजाराची चढती पायरी होती. याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की आज साखर चांगली असली तरी अशा रुग्णाने ती वरचेवर तपासत राहिले पाहिजे.

कुपोषणाचा समजही असाच मागे पडला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली या मधुमेहाला कुपोषणाशी निगडित मधुमेहांच्या वर्गात घातले होते. १९९९ साली तो वर्गच काढून टाकून हा मधुमेह स्वादुपिंडाच्या आजारांखाली नेला. अन्न पचत नाही म्हणून रुग्ण वाळतो. वाळलेला असतो म्हणून त्याला आजार झाला, असे खात्रीने म्हणता येत नाही.

मग कारण कोणते? येथे हैदराबादचे काम पुढे येते. तेथील सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक आणि एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांच्या गटाने भारतीय रुग्णांची जनुके तपासली. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केले की अमेरिकन घराण्यांत सापडलेला ट्रिप्सिनोजेनमधील फरक आपल्या रुग्णांत दिसत नाही. ब्रेकमधला फरक मात्र जवळजवळ निम्म्या रुग्णांत आहे. निरोगी लोकांत तो शंभरात दोघा-चौघांतच आढळतो.

२००६ साली याच गटाने आणखी एका विकराकडे बोट दाखवले. त्याचे नाव कॅथेप्सिन बी. हेही प्रथिने तोडणारेच विकर आहे, पण अन्न पचवणे हे त्याचे काम नव्हे. पेशीतील जुनी, निकामी झालेली प्रथिने मोडीत काढणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी पेशीत त्याचा स्वतंत्र कप्पा असतो. अडचण अशी की ट्रिप्सिनोजेनचे कुलूप यालाही उघडता येते. मोडीतले हे विकर आणि बंद ट्रिप्सिन एकाच कप्प्यात आले, तर जी किल्ली आतड्यात लागायला हवी ती स्वादुपिंडातच लागते. कॅथेप्सिन बी तयार होते तेव्हा त्याची माळ ३३९ मण्यांची असते. तिच्यातील २६ व्या जागी काही लोकांत ल्युसिनऐवजी व्हॅलिन असते. हे दोन मणी दिसायला जुळ्या भावांसारखे आहेत, एका कार्बन अणूचा काय तो फरक. तरीही आपल्याकडच्या या रुग्णांत व्हॅलिनवाले लोक निरोगी माणसांपेक्षा जास्त प्रमाणात आढळले. हा मणी विकराच्या कापणाऱ्या पात्यात नाही. विकर कामाला लागण्यापूर्वी जो सुरुवातीचा तुकडा छाटला जातो त्यात तो आहे. विकराला योग्य कप्प्यात पोहोचवण्याशी या तुकड्याचा संबंध असतो. म्हणून विकराची वाट चुकत असावी, असा तर्क आहे.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. व्हॅलिनवाली माळ पुष्कळ निरोगी माणसांतही असते. तुमच्यामाझ्यातही असू शकेल. एकटा हा फरक आजार करीत नाही. ब्रेक थोडा ढिला, किल्ली थोडी चुकीच्या जागी आणि त्यात बाहेरची आणखी काही कारणे, असे सगळे जुळून आले की स्वादुपिंड बिघडते. हा आजार म्हणजे कुणाच्या वागण्याची शिक्षा नव्हे.

"माझ्या बहिणीचं काय?"

एक्स-रे पाहिल्यावर मी त्या मुलाला पुन्हा बोलावले आणि या वेळी नीट ऐकून घेतले. पोटदुखी अकराव्या-बाराव्या वर्षापासून होती. शाळा बुडत असे. कुणी जंतांचे औषध दिले, कुणी पित्ताचे. शौचाला तेलकट, दुर्गंधी होई आणि पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राही. इतकी वर्षे हे कुणी विचारले नव्हते आणि लाजेमुळे त्यानेही सांगितले नव्हते. वजन ४१ किलो. साखर तपासली तर तीही वाढलेली.

मी त्याला सगळे समजावून सांगितले. त्याने स्वतःविषयी काही विचारले नाही. म्हणाला, "माझ्या बहिणीचं काय? आता लोक म्हणतील, रक्तातच खोट आहे. तिचं लग्न कसं होणार?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो. ब्रेकमधला फरक ज्यांच्यात असतो त्यांच्यापैकी बहुसंख्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. भावाला आजार आहे म्हणून बहिणीला होईलच असे नाही. बहिणीला पोटाचा त्रास नसेल तर तिची जनुके तपासण्याची गरज नाही. त्रास असेल तर सोनोग्राफी करावी आणि साखर पाहावी. आजार संसर्गजन्य नाही. पत्रिका पाहणाऱ्यांनी या गोष्टीला दोष धरण्याचे काही कारण नाही. हेच मी त्या घरी जाऊन, शेजारच्या चार माणसांदेखत सांगितले. आणि मराठीत एक नवीन चिठ्ठी लिहून दिली, की हा आजार दारूमुळे झालेला नाही, माझे पूर्वीचे निदान चुकले होते. खाली सही केली, शिक्का मारला. मोडलेले लग्न त्याने पुन्हा जुळले नाही, हेही सांगितले पाहिजे.

ओळखावे कसे, करावे काय

पुढील लक्षणे असल्यास, विशेषतः मूल किंवा तरुण रुग्ण असल्यास, डॉक्टरांना दाखवून स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी.

१. पोटाच्या वरच्या भागात वारंवार येणारी, पाठीत जाणारी, जेवणानंतर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर कमी होणारी कळ.

२. तेलकट, फार दुर्गंधी असणारी, पाण्यावर तरंगणारी शौच.

३. भूक असूनही वजन घटणे.

४. कमी वयात, सडपातळ माणसाला लागलेला मधुमेह आणि त्याच्या जोडीला जुनी पोटदुखी.

पोटाचा साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी यांवर बहुतेक वेळा खडे दिसतात. गरज पडल्यास सी.टी. स्कॅन करतात.

आजार मुळापासून जात नाही, पण तो ताब्यात ठेवता येतो. कमी पडणारी विकरे कॅप्सूलच्या रूपात मिळतात. त्या उपाशीपोटी किंवा रात्री एकदम न घेता जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, तरच उपयोग होतो. या कॅप्सूल बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. ज्यांना त्यात अडचण वाटते त्यांनी लपवून औषध बंद करू नये, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. चरबीत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे कमी पडतात, ती भरून काढावी लागतात. नळीतले खडे बाहेरून धक्कालहरी देऊन फोडता येतात, दुर्बिणीतून काढता येतात आणि काही वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. कोणता उपाय कुणाला, हे पोटविकारतज्ज्ञाने ठरवायचे.

मधुमेह झाल्यास अनेकांना इन्शुलिन लागते. येथे एक धोका आहे. साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन हेही स्वादुपिंडातच तयार होते आणि या आजारात तेही कमी पडते. त्यामुळे साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. इन्शुलिन घेऊन उपाशी राहू नये. एकादशी, चतुर्थी करायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे असे काही झाले तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकावा.

दारू आणि तंबाखू, मग ती बिडी असो, सिगारेट असो वा मशेरी, पूर्ण बंद. आजार दारूने झालेला नसला तरी दारू तो वाढवतेच. आणि वर्षानुवर्षे आजार असलेल्यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. थांबलेली पोटदुखी पुन्हा सुरू झाली, वजन झपाट्याने उतरले किंवा कावीळ झाली तर एक दिवसही घालवू नये.

शेवटी

तो मुलगा आज पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घेतो, जेवताना कॅप्सूल घेतो, वजन ५४ किलो आहे, कामावर जातो. पहिले लग्न मोडल्यावर चार वर्षांनी त्याचे लग्न झाले. त्या वेळी मुलीच्या माणसांना माझी दुसरी चिठ्ठी दाखवण्यात आली होती. बहिणीचेही लग्न होऊन तिला मुले आहेत, आणि तिला पोटाचा काहीही त्रास नाही. वडील आता हयात नाहीत. ती चिठ्ठी त्यांनी तेव्हाच लॅमिनेट करून घेतली होती. मुलगा तपासणीला येतो तेव्हा ती त्याच्या फायलीत सर्वांत वर असते. त्याने ती मला दाखवण्यासाठी ठेवलेली नसावी, पण मी ती दर वेळी वाचतो.

आमच्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर भागात दारूने घरे उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे तो प्रश्न विचारणे मी सोडलेले नाही. पण "घेत नाही" असे उत्तर आले की आता मी पुढचा प्रश्न विचारतो, "पोट कोणत्या वर्षापासून दुखतं?" आपल्या घरात, शेजारात कुणी असा पोट धरून बसणारा हडकुळा मुलगा असेल तर आपणही आधी हेच विचारावे आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे.